शंभर टक्के समाधानी गाव

आमच्या ऐन-सिद्रात कुणालाही तब्येत विचारून बघा. हाड मोडलेलं असो की ताप डोक्यात गेलेला असो, उत्तर ठरलेलं: अल्हम्दुलिल्ला. देवाचे आभार मानायला माझी ना नाही हो, मीही पाच वेळा डोकं टेकते. पण आरोग्य खात्याची बाई मुद्दाम विचारायला दारात आलीय, तिलाही तेच? देवाला आपली दुखणी सांगावी लागत नाहीत, खात्याला सांगावी लागतात. एवढं साधं आमच्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही आणि माझं डोकं फिरतं.

ती बाई म्हणजे दानिया. बाई कसली, माझ्या धाकट्या मुलीच्या, रगदच्या वयाची पोर. अम्मानमध्ये शिकलेली, जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत नवीन लागलेली. डोंगरावरच्या तीन गावांत फिरून दवाखान्याबद्दल रोग्यांचं म्हणणं काय ते गोळा करायचं काम तिच्याकडे होतं. तीनपैकी एक दवाखाना खातं चोवीस तास उघडा ठेवणार होतं, नव्या नर्स देणार होतं, जुम्म्याच्या दिवशीसुद्धा दार बंद राहणार नव्हतं. कुठला दवाखाना, ते लोक काय सांगतात त्यावर ठरायचं होतं. गावच्या दवाखाना समितीत मी एकटीच बाई, आणि तोंडाची फटकळ. त्यामुळे तिला घरोघर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मी ओढून घेतलं. मला ते दार उघडं हवं होतं. माझ्या नातीसाठी हवं होतं.

मयार सहा वर्षांची आहे. माझ्या शिहाबची मुलगी. शिहाब लष्करात, सदानकदा सरहद्दीवर. घरात मी, माझा नवरा अबू शिहाब (म्हणजे शिहाबचा बाप, तशी मी उम्म शिहाब, शिहाबची आई), सून नूफ, रगद आणि ही पोर. पोरीला दमा आहे. घरी पंप असतो, तो लहानसहान झटक्याला पुरतो. मोठा झटका आला की वाफेचं मशीन लागतं, ऑक्सिजन लागतो, आणि ते दवाखान्यात.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी तिला असा झटका आला की पंपानं काही होईना. बाहेर बर्फ. नूफनं तिला उचललं, मी पुढे धावले, घसरले, उठले, परत धावले. दवाखान्याला कुलूप! आत ऑक्सिजनचं सिलिंडर उभं आहे, खिडकीतून मला दिसतंय, आणि बाहेर माझ्या नातीचे ओठ जांभळे पडताहेत. मी दारावर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. नशीब म्हणून गॅसच्या टाक्या विकणारा ट्रक आला. त्यानं आम्हाला खाली शहरात मोठ्या दवाखान्यात पोचवलं. उतरताना माझ्या लक्षात आलं की त्या ट्रकचं गिऱ्हाईक बोलावायचं गाणं सबंध रस्ताभर वाजत होतं आणि ते आम्हा कुणालाच ऐकू आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. अबू शिहाब त्या वेळी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अम्मानला होता. त्यानं ते ओठ पाहिले नाहीत. मी पाहिलेत.

कुलूप घालून गेला होता मरझूक. नर्स म्हटलं की लोकांना बाई दिसते. आमचा मरझूक चांगला मिशीवाला बाप्या आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा सकाळचा येऊन जातो, बाकी सगळा दवाखाना मरझूकच्या जिवावर. नियमानं त्यानं संध्याकाळपर्यंत बसायचं. पण दुपारची नमाज झाली की हा किल्ली खिशात टाकून खाली दरीत आपल्या मेंढरांकडे जातो. सगळ्या गावाला ठाऊक. आणि सगळं गाव मूग गिळून गप्प. कारण मरझूक वाईट माणूस नाही हो, तीच तर खरी अडचण! म्हाताऱ्यांना घरी जाऊन इंजेक्शन देतो, एक पैसा घेत नाही. माझी सासू अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिच्या पाठीच्या जखमा त्यानं धुतल्या, तिचा स्वतःचा मुलगा तोंड फिरवून उभा होता तेव्हा. त्याच्या घरचं मीठ आम्ही सगळ्यांनी खाल्लंय आणि आमच्या घरचं त्यानं. वर तो आमच्याच भाऊबंदातला. अशा माणसाविरुद्ध कागदावर कोण बोलणार?

तर मी दानियाला घेऊन निघाले. पहिलं घर उम्म तौफीकचं, तौफीकच्या आईचं. ह्या बाईचा हात भट्टीत रोटी लावताना कोपरापर्यंत भाजला होता, दवाखाना बंद होता, शेजारणीनं टोमॅटोचा लगदा फासला, आणि आता कातडी आखडून तिची तीन बोटं वाकडी झालीत.

"मावशी, दवाखान्याची काही अडचण?" दानियानं विचारलं.

"छे गं बाई! अल्हम्दुलिल्ला. मरझूक आमच्या डोळ्यांत राहतो."

"वेळेवर उघडा असतो?"

"असतो की."

"हाताला काय झालं?"

"काही नाही. देवाची मर्जी. तू चहा घे बघू."

चहा देताना कप त्या वाकड्या बोटांत धड राहीना. मी टक लावून बघत होते तर माझ्याकडे बघेचना. दानिया जरा अंगणात गेली तशी माझं मनगट धरून म्हणते, "उम्म शिहाब, त्या दिवशी दार उघडं असतं तर माझा हात राहिला असता गं!"

"मग बोल ना हे! तिच्यासमोर बोल!"

"आणि मरझूकच्या बायकोला तोंड कसं दाखवू? उद्या पाण्यावर भेटेल ती."

"मला कशाला सांगतेस मग? मी काय नर्स पाठवणार आहे तुला?"

घरोघर हेच. पुढे अल्हम्दुलिल्ला, पाठीमागे रडगाणं. एका घरात तर म्हातारा खोकून खोकून वाकला होता आणि खोकल्याच्या मधल्या जागेत सांगत होता की त्याला कसलाही त्रास नाही. दानिया बिचारी खाली मान घालून कागदावर खुणा करत होती. मला तिची कीव आली आणि आमच्या लोकांची लाज वाटली.

शेवटी माझ्या घरी येऊन बसली. शेगडीपाशी पाय शेकत म्हणाली, "मावशी, माझ्या कागदांवर तुमचं गाव शंभर टक्के समाधानी आहे. बाकीच्या दोन गावांत लोक भांडले माझ्याशी. शंभर टक्के समाधानी गावाला नर्स कोण देणार?"

"पण तुला दिसतंय ना खरं काय ते?"

"मला दिसून काय उपयोग? रोग्यानं सांगावं लागतं. गुरुवारी शाळेत सभा आहे, खुली. एका तरी घरानं उभं राहून, नाव लावून सांगायला हवं. तर मला वर काही लिहिता येईल."

"मी सांगते," मी म्हटलं.

"नक्की? तुमचे भाऊबंद..."

"पोरी, मी एकदा बोलायला लागले की भाऊबंद काय, त्यांचे बापही मला गप्प करू शकणार नाहीत."

बोलले खरी. गावात भिंतींना कान आहेत. संध्याकाळपर्यंत मरझूकच्या घरी कळलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलताना आमच्या दारात जाहा आली.

गावातली वजनदार माणसं एकत्र जमून कुणाच्या दारी मागणं घेऊन येतात, तिला जाहा म्हणतात. लग्नाची मागणी असो की रक्ताचं भांडण मिटवायचं असो, रीत एकच. यजमान कॉफी देतो. पुढारी पेला हातात घेतो आणि न पिता खाली ठेवतो. मागणं मान्य झालं तरच पिणार. आणि पेला तसाच भरलेला ठेवून पाहुणे उठले तर त्या घराची जन्मभराची नाचक्की.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. अबू शिहाब निवृत्त हवालदार. सरळ माणूस, शब्दाचा पक्का, पण दिलदारीची भारी हौस. कुणी काही मागायला तोंड उघडायच्या आत ह्याचं "दिलं!" म्हणून झालेलं असतं. अशी एक चांगली दुभती शेळी गेली आमची. त्यातून मरझूकची बहीण गेले काही दिवस आमच्या रगदकडे नको तितकी गोड बघत होती, तिचा लैस लग्नाचा आहे. त्यामुळे गल्लीतून झगे पांघरलेली ती मंडळी चढताना दिसली, पुढे काठी टेकत गावातला वडीलधारा हाज मिस्लेह, तेव्हा अबू शिहाबचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"अगं ए, मोठी किटली चढव! रगदसाठी आलेत!" मला म्हणतो.

रगद लाल होऊन स्वयंपाकघरात पळाली. मीही, खोटं कशाला बोलू, क्षणभर खूश झाले. मग मंडळींत लैसचा बाप दिसेना. पोराच्या बापाशिवाय कुणी मागणी घालायला येतं का? मी पडद्यामागून खूण करतेय, घसा खाकरतेय, पण हा बाबा आपल्याच तोऱ्यात.

कॉफी फिरली. हाज मिस्लेहनं पेला घेतला, गालिच्यावर ठेवला. "अबू शिहाब," तो म्हणाला, "तुझ्या घरी आम्ही एक मागणं घेऊन आलोय."

"प्या हाज! जे मागायला आलात ते मिळालं."

"अरे, ऐकून तरी घे."

"ऐकायचं काय त्यात? तुम्ही माझ्या दारात आलात, तिथंच सगळं आलं. प्या."

म्हाताऱ्यानं बाकीच्यांकडे एकदा पाहिलं. मग पेला उचलला आणि पिऊन टाकला. मागोमाग सगळ्यांनी प्यायली. आणि मग मिशा पुसत त्यानं मागणं सांगितलं.

"परवा शाळेत तुझ्या घरातून मरझूकविरुद्ध एक शब्द निघता कामा नये. त्याची निवृत्ती तोंडावर आलीय. कागदावर डाग लागला तर पोरंबाळं उघड्यावर पडतील त्याची. एवढंच मागणं."

पडद्याच्या फटीतून मला अबू शिहाबचा चेहरा दिसत होता. तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र विझले. मला वाटलं, आता म्हणेल, आता म्हणेल की हे नाही जमायचं.

"दिलं," तो हळूच म्हणाला.

माणसं गेली. मी पडदा असा ओढला की दांडीच खाली आली.

"काय दिलंत, कळतंय का तुम्हाला?"

"शब्द दिला."

"कुणाचा? मयारचा गळा दिलात तुम्ही! बशीत घालून दिलात!"

"मला वाटलं रगदचं..."

"आणि रगदचं असतं तरी मला न विचारताच दिलं असतंत ना, बाबा?" दारातून रगद म्हणाली. कधी नाही ती मोठ्यानं बोलली आणि निघून गेली.

"उम्म शिहाब, ऐक," तो खाली बसत म्हणाला. "कॉफी प्यायलेत ते माझ्या घरी. आता मी फिरलो तर ह्या गावात मला माणूस कोण म्हणेल?"

"तुम्ही त्या दिवशी दारापाशी नव्हतात."

"नव्हतो."

"तिचे ओठ पाहिले असते ना, तर आज त्या म्हाताऱ्याला कॉफी नाही, जहर पाजलं असतंत."

"शब्द शब्द असतो," तो म्हणाला. पण माझ्याकडे बघून नाही, शेगडीकडे बघून.

त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. जेवण पुढ्यात सरकवायचे, जोरात सरकवायचे. नूफ बिचारी माझ्याकडे आणि सासऱ्याकडे आळीपाळीनं बघायची. तिनं एकदाच विचारलं, "आई, तुम्ही बोलणार आहात ना?" मी हो म्हटलं. नंतर कणीक मळताना मनात म्हटलं, नाही. पुन्हा म्हटलं, हो. बोलले तर त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं होणार, अख्ख्या गावासमोर. न बोलले तर पुढच्या झटक्याला पुन्हा ते कुलूप. माझा जीव असा अडकित्त्यात सापडला होता आणि सल्ला कुणाला विचारावा तर ज्याला आजवर विचारत आले त्याच्याशीच अबोला.

गुरुवारी वारा सुटला होता. शाळा चढावर. मयार आजोबांचं बोट धरून चालली, आणि अर्ध्या वाटेत दमली म्हणून त्यानं तिला उचलून घेतलं. शाळेच्या मोठ्या खोलीत गर्दी. रॉकेलची शेगडी धगधगत होती. एका बाजूला पुरुष, एका बाजूला आम्ही बायका, मध्ये टेबलापाशी दानिया. मरझूक पहिल्या रांगेत बसला होता, नवा कोट घालून, आणि हात गुडघ्यांत दाबून धरले होते. मयार आजोबांच्या मांडीवर, नेहमीसारखी.

दानियानं एकेकाला विचारायला सुरुवात केली. हाज मिस्लेह उठला. "मरझूकला आम्ही डोक्यावर घेतो. दवाखाना उत्तम." दुसरा उठला, "अल्हम्दुलिल्ला, काही कमी नाही." तो खोकणारा म्हातारा उठला, त्याला खोकल्यामुळे बोलताच येईना, तर हातानंच सगळं छान असल्याची खूण करून बसला. कुणी हसलं नाही. बायकांकडून उम्म तौफीक उठली, हात ओढणीत लपवून. "देवाची कृपा," म्हणाली.

दानियाचा चेहरा पडत चालला होता. शेवटी तिनं माझ्याकडे पाहिलं. "उम्म शिहाब, तुम्ही काही सांगणार होतात."

मी उठले. पुरुषांच्या बाजूचे सगळे डोळे माझ्यावर, फक्त एकाचे सोडून. अबू शिहाब जमिनीकडे बघत होता. मला त्याच्या टाळूवरचे विरळ केस दिसले. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला चारचौघांत कधी खाली बघायला लावलं नव्हतं. त्याचं नाक माझ्या हातानं कापायचं मला झेपेना. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं हो, कुलूप, बर्फ, ओठ, सगळं.

"अल्हम्दुलिल्ला," मी म्हटलं. "सगळं ठीक आहे."

"नक्की, मावशी?"

"नक्की."

खाली बसले तेव्हा जीभ हासडून टाकावीशी वाटली. ज्यासाठी गावभर बायकांना टोचून बोलत फिरले, तेच मी केलं. नूफनं तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं. दानियानं कागद गोळा केले, टेबलावर ठोकून सारखे केले. मरझूकनं सुस्कारा सोडला, तो मला इकडे ऐकू आला.

"थांब, पोरी."

अबू शिहाब उभा राहिला होता. मयार कडेवर, आणि त्याचा एक पंजा तिच्या पाठीवर उघडा. तिला चढावाचा वारा लागला होता. जवळ बसलं की छातीतली ती दम्याची शिट्टी हाताला कळते, मला ठाऊक आहे.

"लिहून घे," तो म्हणाला. "माझी बायको आत्ता खोटं बोलली. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली असेल, आणि माझ्यापायी बोलली. दवाखाना दुपारनंतर बंद असतो. मागच्या बर्फात ही पोर त्या दाराशी मरत होती आणि ऑक्सिजन आत कुलपात होता. नाव लाव. फलाह, अबू शिहाब."

"अबू शिहाब!" हाज मिस्लेहची काठी जमिनीवर आपटली. "आम्ही कॉफी प्यायलोय तुझ्या घरी!"

"प्यायलात."

"शब्द दिलास तू!"

"दिला. आणि सगळ्यांसमोर मोडतोय." तो बसला नाही. "हाज, माझं घर मागितलं असतंत तर दिलं असतं. ह्या पोरीचा श्वास माझा नव्हता. जे माझं नव्हतं ते मी तुम्हाला देऊन बसलो. आता ज्याला थुंकायचं असेल त्यानं माझ्यावर थुंकावं. मरझूक, तू माझ्या आईच्या जखमा धुतल्यास. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण दार बंद होतं रे बाबा."

मरझूकनं मान वर केली नाही. हाज मिस्लेह उठला आणि बाहेर पडला, त्याच्यामागे एकेक करत पुरुष निघाले. आमच्या इथं माणूस उठताना सलाम करतो. त्या दिवशी अबू शिहाबला कुणी सलाम केला नाही. तोच प्रत्येकाला करत होता, उभा राहून, पोर कडेवर घेऊन. एकानंही उत्तर दिलं नाही. मला अशी चीड आली, असं रडू आलं, की मी ओढणी कमरेला खोचली आणि पुरुषांच्या बाजूला जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिले. बघू दे ज्याला बघायचंय त्याला. इकडे बायकांकडून उम्म तौफीक टेबलापाशी गेली, आणि तिनं ओढणीतून हात बाहेर काढला.

हिवाळ्याच्या तोंडाशी दोन नर्स आल्या. दवाखाना चोवीस तास झाला. मरझूकची नोकरी गेली नाही, पण दवाखान्यातलं त्याचं मोठेपण गेलं. मुलीच्या वयाच्या नर्सला विचारून आता त्याला कामाची पाळी घ्यावी लागते. लैसचं लग्न दुसरीकडे ठरलं, आणि रगद म्हणाली, सुटले. खरं म्हणाली की खोटं ते मला अजून कळलेलं नाही. अबू शिहाब रोज कॉफी करतो, दार उघडं टाकून बसतो. कुणी येत नाही. मशिदीत त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहते. तो मला काही सांगत नाही, मला दुसऱ्यांकडून कळतं.

आणि मग बर्फ पडलं, जुम्म्याच्या दिवशी, मयारला झटका आला. मोठा. ह्या वेळी अबू शिहाब घरी होता. त्यानं तिला उचललं आणि असा धावला की मी मागे पडले. मी पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं, आत दिवा, आणि मरझूकची पाळी. मयारच्या तोंडावर वाफेचा मुखवटा लागलेला. मरझूकचा एक हात तिच्या पाठीवर, दुसरा सिलिंडरच्या चावीवर.

"हळू घे, बेटा. घाई नाही. शाब्बास. अजून एक," तो तिला म्हणत होता.

अबू शिहाब पलीकडच्या भिंतीला टेकून उभा होता. जांभळे ओठ त्यानं आज पाहिले होते. चेहरा मेल्यासारखा झाला होता त्याचा. हळूहळू पोरीच्या गालांवर रंग आला. शिट्टी बारीक होत गेली, थांबली.

"मरझूक," अबू शिहाब म्हणाला, "देव तुझे हात सलामत ठेवो."

ह्याला प्रत्येकजण उत्तर देतो. न देणं म्हणजे तोंडावर दार लावणं. मरझूकनं उत्तर दिलं नाही. त्यानं मुखवटा काढला, धुतला, पुसून जागेवर ठेवला. मयारला कोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. आम्ही निघालो. दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"मयार, तुझ्या आजोबांना सांग, पायऱ्यांवर बर्फ गोठलंय. डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. कडेकडेनं उतरा म्हणावं."

आजोबा तिच्या हाताशीच उभे होते. तरी ती गंभीर तोंड करून म्हणाली, "आजोबा, मरझूककाका म्हणतात की बर्फ आहे, कडेकडेनं उतरा."

"त्यांना सांग," अबू शिहाब कसाबसा म्हणाला, "सांग की बरं. तसंच उतरतो."

मी भिंतीकडे तोंड करून रडले, पोटभर रडले, कुणाला दिसतंय त्याची पर्वा न करता. आणि तो मयारचा हात धरून, कडेकडेनं, एकेक पायरी उतरला.